देवगिरीचा कातळ कुणी जिंकला? (यादवांची राजधानी ते दौलताबाद)

कातळवाट (मूळ लेखन)

देवगिरीवर कुणीही लिहायला बसलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'अभेद्य किल्ला'. किल्ला अभेद्य होता याबद्दल वाद नाही. मला छळणारा प्रश्न पुढचा आहे. इतका अभेद्य किल्ला एका घराण्याकडून दुसऱ्याकडे इतक्या वेळा गेला कसा? माझं मत असं की याचं उत्तर तटबंदीत शोधून मिळणार नाही, ते धान्याच्या कोठारात आहे. पटतं का बघा. न पटलं तर खुशाल भांडा, त्यासाठीच धागा काढलाय.

आधी थोडी पार्श्वभूमी. यादव मूळचे सेउणदेशाचे, म्हणजे आजच्या नाशिक-नगर पट्ट्यातले. सिन्नर ही त्यांची जुनी राजधानी आणि ते कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. चालुक्यांचं बळ ओसरलं तेव्हा पाचव्या भिल्लमाने मांडलिकी झुगारली आणि ११८७ च्या सुमारास देवगिरीला राजधानी केली. त्याचा नातू सिंघण याच्या काळात (१२१० ते १२४६) हे दख्खनमधलं सगळ्यात दांडगं राज्य झालं. नंतर कृष्ण, मग महादेव, आणि १२७१ मध्ये रामचंद्र.

जागा कशी निवडली ते बघा. सपाट मुलखात एकटाच उभा, शंकूसारखा डोंगर, पायथ्यापासून सुमारे ६०० फूट उंच. आजूबाजूच्या कुठल्याही डोंगराशी जोडलेला नाही, त्यामुळे सोंडेवरून चढून येणं वगैरे प्रकारच नाही. पण निसर्गाने दिलं तेवढ्यावर हे लोक थांबले नाहीत. डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून सरळ कडा केला. पायथ्याशी उभं राहून मान वर केलीत की कळतं, दीडशेएक फूट उभा, गुळगुळीत कातळ, बोट अडकवायला खाच नाही. त्याच्या बुडाशी कातळातच खोदलेला खंदक. वर जायला एकच वाट, आणि तीही डोंगराच्या पोटातून. तिला 'अंधेरी' म्हणतात. वळणावळणाचा काळोखी जिना, मध्येच पायरीची उंची बदलते, भलतीकडे गेलात तर थेट खंदकात. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण आणि शेगडी, म्हणजे शत्रू आत शिरलाच तर विस्तव पेटवून सगळी वाट धुराने भरून टाकायची.

१३४० च्या दशकात प्रवासी इब्न बतूता इथे आला होता. बालेकिल्ल्यावर चामड्याच्या शिडीने चढतात आणि रात्री ती शिडी वर ओढून घेतात, असं त्याने लिहून ठेवलंय. तिथल्या कैदखान्यातले उंदीर मांजरापेक्षा मोठे असतात हेही त्यानेच लिहिलंय.

आता हा किल्ला हातोहात कसा गेला ते बघू.

पहिल्यांदा तो घरातल्याच माणसाने घेतला. महादेवाच्या मागे त्याचा मुलगा आमण गादीवर बसला. रामचंद्र हा कृष्णाचा मुलगा, म्हणजे थोरल्या पातीचा वारस. महानुभावांच्या परंपरेत कथा येते की रामचंद्राने आपली माणसं नाचगाण्याच्या मेळ्याच्या वेषात गडावर नेली, आमण खेळ बघण्यात रंगलेला असताना त्याला धरलं आणि त्याचे डोळे काढले. तासलेला कडा, खंदक, अंधेरी, कशाचाही उपयोग झाला नाही, कारण दरवाजा आतूनच उघडला होता.

दुसरा प्रसंग १२९६ चा. याच्यावर मला जरा थांबायचंय.

अलाउद्दीन खलजी तेव्हा सुलतान नव्हता, कडा (आजच्या उत्तर प्रदेशातलं ठाणं) प्रांताचा सुभेदार होता. त्याआधी भेलशावर (आजचं विदिशा) धाड घातली तेव्हा देवगिरीच्या श्रीमंतीची बातमी त्याच्या कानावर आली. चुलता जलालुद्दीन दिल्लीच्या तख्तावर. त्याला पत्ता न लागू देता हा सुमारे ८,००० स्वार घेऊन निघाला, चंदेरी, अचलपूर करत खाली उतरला. वाटेत इतिहासकार फरिश्ता सांगतो तशी आवई उठवली की मी चुलत्यावर रुसून राजमहेंद्रीकडे चाकरी शोधायला चाललोय. लासूरच्या घाटात कान्हा नावाच्या सरदाराने त्याला अडवलं. दुसरा इतिहासकार इसामी लिहितो की त्या लढाईत दोन स्त्रिया वाघिणीसारख्या लढल्या. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. देवगिरीसाठी उघड्या मैदानात जीव तोडून लढलेली ती पहिली माणसं.

इकडे राजधानीत सैन्यच नव्हतं. मोठी फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर. रामचंद्र गडावर चढून दारं लावून बसला. खालचं शहर उघडं पडलं आणि लुटलं गेलं. मागून सुलतानाचे २०,००० स्वार येताहेत अशी दुसरी आवई अलाउद्दीनने सोडली, आणि रामचंद्राने खंडणी कबूल केली. तेवढ्यात शंकरदेव परतला. बापाने लढू नको असा निरोप पाठवला तरी तो लढला, आणि जवळजवळ जिंकलाच होता. गडावर नजर ठेवायला मागे ठेवलेली नुसरतखानाची हजारेक स्वारांची तुकडी धुरळा उडवत आली, आणि तीच दिल्लीची फौज समजून यादवांचं सैन्य फुटलं.

तरी गड शाबूतच होता. मग फरिश्त्याने सांगितलेली ती गोष्ट: गडावर घाईघाईने चढवलेली पोती उघडली तर धान्याच्या जागी मीठ निघालं. कोकणातून आलेले व्यापारी पळताना ती पोती टाकून गेले होते. धान्य समजून ती वर नेली, कुणी उघडून पाहिली नाहीत. शरण जाण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. खंडणी आधीपेक्षा कितीतरी वाढली आणि वर अचलपूर प्रांताचा वसूल दरवर्षी द्यायचा ठरला.

त्या लुटीचं पुढे काय झालं माहीत आहे? त्याच वर्षी अलाउद्दीनने चुलत्याला कडा या आपल्या ठाण्यावर बोलावून मारलं आणि दिल्लीकडे निघाला. वाटेत रोज मंजनिकातून (दगडफेकीच्या यंत्रातून) सोनं गर्दीवर उधळायचा, असं दिल्लीचा इतिहासकार बरनी लिहितो. म्हणजे दिल्लीचं तख्त देवगिरीच्या सोन्याने विकत घेतलं गेलं. आपल्या शाळेच्या पुस्तकात १२९६ ही दख्खनवरची स्वारी म्हणून येते. मला ती दिल्लीच्या सत्तांतराचा खर्च कुणी दिला याची नोंद वाटते.

पुढचं थोडक्यात. खंडणी थकली म्हणून अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर आला, रामचंद्राला दिल्लीला नेलं, 'रायेरायान' किताब आणि नवसारी देऊन १३०८ मध्ये परत पाठवलं. त्यानंतर वारंगळ आणि द्वारसमुद्राच्या मोहिमांना रसद देवगिरीहून गेली. १३१३ मध्ये शंकरदेव लढून मेला. रामचंद्राचा जावई हरपाळदेव याने उठाव केला, त्याला मुबारक खलजीने हाल हाल करून मारलं. यादव संपले.

&nbsp;

गोदातीर

सुरेख लिहिलंय. वाचनखूण साठवली.

मी नेवाशाजवळची. आमच्याकडे रामदेवराय (म्हणजे तुमचा रामचंद्र) हा हरलेला राजा म्हणून कुणाला आठवतच नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० ला, नेवाशात पूर्ण झाली, आणि शेवटी माऊलींनी त्याचं नाव घेतलंय: 'यदुवंशविलासु', न्यायाने राज्य राखणारा. पुढच्या सहा वर्षांत काय होणार होतं याची त्या ओवीत चाहूलसुद्धा नाही. मला ती वाचताना दर वेळी पोटात तुटतं.

एक शंका. हेमाद्रीसारखा श्रीकरणाधिप, म्हणजे सगळ्या दफ्तराचा प्रमुख, ज्या राज्याला लाभला, त्या राज्याच्या मुख्य गडावर धान्य नसावं? हे गळी उतरत नाही.

&nbsp;

कातळवाट

गोदाताई, हाच तर काटा आहे. राज्यात धान्य नव्हतं असं कुणीच म्हणत नाही. गोदाकाठचा मुलूख, त्याला काय तोटा! ते गडावर नव्हतं. यादव तोवर लढले ते होयसळ, काकतीय, माळवा, गुजरात यांच्याशी, म्हणजे आपल्या सीमेवर किंवा दुसऱ्याच्या मुलखात. राजधानीच्या पायथ्याशी शत्रू आलाय असं शतकभरात घडलं नव्हतं. वेढ्याची सवयच नव्हती. कडा तासायला पिढ्या खर्ची घातल्या, आणि वर्षाचा दाणागोटा वर चढवायचं काम मात्र आयत्या वेळेवर गेलं.

&nbsp;

मोडीप्रेमी

लेख आवडला, पण मिठाच्या पोत्यांवर एवढी इमारत उभी करू नका अशी विनंती.

फरिश्ता लिहितो विजापुरात बसून, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. घटनेनंतर तीनशे वर्षांनी. इसामी त्या मानाने जवळचा, त्याचं लेखन १३५० च्या आसपास दख्खनमध्येच झालं. तेव्हा रसद संपली हे मान्य, मिठाचा तपशील मात्र कथेच्या अंगाने वाढलेला असू शकतो.

दुसरं, आपल्याकडची साधनंही पाहावीत. पुरुषोत्तमपुरीचा ताम्रपट १३१० चा, बीड जिल्ह्यातला. त्यात रामचंद्राने वाराणसी म्लेंच्छांपासून सोडवली असं वर्णन आहे. म्हणजे राजा दिल्लीला जाऊन किताब घेऊन आलाय, काफूरच्या फौजांना वाट देतोय, आणि त्याच वेळी त्याच्याच दरबारातून निघालेल्या दानपत्रात तो सार्वभौम चक्रवर्ती आहे. ताम्रपटाची भाषा अशीच असते हे खरं, तरी ही दोन चित्रं शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. मला तर वाटतं त्या दरबाराला आपलं काय गेलंय हे शेवटपर्यंत मान्य करता आलं नाही.

&nbsp;

कातळवाट

मोडीप्रेमी, फरिश्त्याबद्दल सहमत. मीठ काढून टाकलं तरी माझा मुद्दा उभा राहतो. तटावर शिडी लागली नाही, कातळावर कुणी चढलं नाही, तरी गड शरण गेला. ताम्रपटाबद्दल आभार, हे दोन्ही शेजारी ठेवून मी कधी पाहिलं नव्हतं.

&nbsp;

तोफखाना

असहमत. 'कातळ कुणी जिंकला नाही' हे ऐकायला छान आहे, पण १६३३ चं काय?

शहाजहानचा सेनापती महाबतखान. त्याने वेढा घातला तेव्हा सुरुंग लावून बाहेरचा अंबरकोट फोडला, मग महाकोटाची भिंत उडवली. हे अन्नाने नाही, दारूने झालं. देवगिरी तीन कोटांचा गड आहे: बाहेर अंबरकोट, आत महाकोट, त्याच्या आत काळाकोट, आणि मग तुमचा तो कातळ. तीनपैकी दोन कोट लढून पडले. अंबरकोट तर निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या नावाचा, निजामशाहीचा उभा अभिमान. तो पडणं ही बारीकसारीक गोष्ट नव्हे.

आणि तोफा विसरू नका. मेंढा तोफ ज्या बुरुजावर आहे तिथे जाऊन उभे राहा. तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं ओतलंय, शिंगं मागे वळलेली, ओतकाम आजही लखलखीत. तिचं दुसरं नाव किल्ला शिकन, किल्ले फोडणारी. गडाच्या शिखरावर आणि मधल्या टप्प्यांवर अशा तोफा चढवाव्या लागल्या, कारण सतराव्या शतकात नुसता कडा पुरत नव्हता हे तिथल्या लोकांना कळलं होतं.

&nbsp;

कातळवाट

मुद्दा बरोबर आहे आणि तुम्ही तो नेमका मांडलात. दोन कोट सुरुंगाने गेले. पण मग शेवट कसा झाला तेही सांगा ना. काळाकोट आणि कातळ शिल्लक असताना मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान वाटाघाटीला बसला. आत उपासमार, बाहेर दुष्काळाने होरपळलेला मुलूख. साडेदहा लाख रुपये घेऊन त्याने किल्ल्या दिल्या. बाल हुसेन निजामशहाला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत टाकलं. खंदकाच्या पलीकडे मोगलांना लढून जावंच लागलं नाही.

&nbsp;

भिंगारवेस

या धाग्यात नगरचं नाव अजून कसं आलं नाही? :)

निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याला दौलताबाद हवा होता. गडावर मलिक वजीह आणि मलिक अशरफ हे भाऊ. थेट वेढ्याने जमेना. मग त्याने जुन्नर आणि दौलताबाद यांच्या दरम्यान, भिंगारजवळ, १४९४ मध्ये नवं शहर वसवलं, आणि तिथून दरवर्षी सुगीच्या दिवसांत फौज पाठवून दौलताबादच्या आसपासची उभी पिकं कापून-जाळून टाकायचा. शेवटी १४९९ मध्ये गड त्याच्या हाती आला.

म्हणजे ज्या शहराला आपण अहमदनगर म्हणत आलो (आता अहिल्यानगर), त्याच्या जन्मामागे देवगिरीच्या शेतातली कणसं आहेत. कातळवाट, तुमच्या म्हणण्याला याहून सरळ पुरावा दुसरा नसेल. फक्त यात भोगलं कुणी, तर पायथ्याच्या गावांतल्या कुणब्यांनी. राजे गडावर आणि पीक खाली. पाचेक वर्षं सलग हातातोंडाशी आलेला घास गेला असेल त्यांचा. त्यांची बखर कुणी लिहिली नाही.

&nbsp;

गोदातीर

भिंगारवेस, +१. हे माहीत नव्हतं. शेवटची ओळ फार खरी.

&nbsp;

राजवाडा_सिंदखेड

मी एकच तारीख सांगते. २५ जुलै १६२९.

सिंदखेडचे लखुजी जाधवराव दौलताबादला निजामशहाच्या दरबारात गेले. मुजऱ्याला गेलेली माणसं, हातात शस्त्र नाही. तिथेच दगा झाला. लखुजीराजे, त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव, सगळे कापले गेले. जाधवराव आपलं कूळ देवगिरीच्या यादवांचं सांगत. हरपाळदेवाला मारल्यावर तीनशेहून जास्त वर्षांनी, यादवांच्याच गडावर, यादवांचं नाव सांगणारं घर असं संपवलं.

जिजाऊ तेव्हा गरोदर होत्या. शिवजन्माला सात महिने उरले होते. बाप, दोन भाऊ आणि भाचा एका दिवसात गेल्याची बातमी त्यांनी त्या अवस्थेत ऐकली. स्वराज्य का, असं कुणी विचारलं की मी आधी ही तारीख सांगते. आमच्या सिंदखेडराजाला १२ जानेवारीला लाखो लोक येतात. त्यांनी वाट वाकडी करून एकदा देवगिरीही पाहावा, आणि लखुजीराजांसाठी दोन क्षण थांबावं.

&nbsp;

कातळवाट

ताई, यावर काही लिहिण्यासारखं नाही. नमस्कार.

&nbsp;

सह्यवारा

माझा साधा प्रश्न. वरच्या सगळ्यांपैकी यादवांचं असं आज गडावर काय दिसतं? आम्ही गेलो तेव्हा मार्गदर्शकाने चांद मिनार, चिनी महाल, बारादरी दाखवली आणि 'चला वर' म्हणाला. यादव कुठेच भेटले नाहीत.

&nbsp;

कातळवाट

भेटतात, पण शोधावे लागतात. चांद मिनार बहमनी, पंधराव्या शतकातला. बारादरी मोगल, शहाजहानच्या १६३६ च्या भेटीच्या सुमाराची. चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशाह मरेपर्यंत कैदेत होता. निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे अजून भिंतीला चिकटून आहेत. हे सगळं पाहण्यासारखंच आहे, त्यात दुजाभाव नको.

यादवांसाठी हे करा. महाकोटात शिरल्यावर हत्ती हौदाच्या पुढे भारतमाता मंदिर लागतं. ती मूळची मशीद, १३१८ ची, मुबारक खलजीची. आत गेलात की मूर्तीकडे पाहून लगेच वळू नका, खांबांकडे पाहा. एका मापाचे नाहीत, एका नक्षीचे नाहीत. ठिकठिकाणच्या देवळांमधून काढून आणलेले खांब आहेत ते. काहींवर कीर्तिमुखं, घंटांच्या माळा, वेलबुट्टी अजून शाबूत. हात लावलात तर कोरीवकामाची धार बोटाला लागते. यादवांचं शहर असं सुटं सुटं होऊन त्या सभामंडपात उभं आहे. तटांच्या दगडांतही तसंच, मध्येच एखादा कोरीव चिरा उलटा बसवलेला दिसतो.

दुसरं, गडावरची यादवकालीन लेणी. अर्धवट सोडलेली. छिन्नीचे घाव कच्चे आहेत. बहुतेक लोक ती ओलांडून पुढे जातात.

आणि तिसरा तो तासलेला कडा आणि खंदक. नंतरच्या लोकांनी त्यावर बरंच काम केलं असणार, पण मूळ कल्पना यादवांची. खंदकावर आता लोखंडी पूल आहे. त्याच्या खाली जुना दगडी पूल बघा, मधला भाग मुद्दाम खाली घेतलाय, म्हणजे खंदकातलं पाणी वाढवलं की पूल पाण्याखाली.

&nbsp;

पैठणकर_नाथसागर

गडावर जाताय तर शिखराजवळच्या जनार्दनस्वामींच्या गुहेला चुकवू नका. स्वामी निजामशाहीत देवगिरीचे किल्लेदार. आमचे एकनाथ लहानपणी पैठणहून पायी निघून त्यांच्या सेवेला आले. गुरूने पोथीआधी हिशोबाच्या वह्या हातात दिल्या. एका पैची चूक सापडेना म्हणून नाथांनी रात्रभर दिवा विझू दिला नाही, सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली, ही कथा आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ असते.

वरची चर्चा वाचून ती नव्याने उमगली. जो गड एकदा पोती न मोजल्याने गेला, तिथला किल्लेदार एका पैसाठी शिष्याला रात्र जागवू देतो. स्वामींना गडाचा इतिहास ठाऊक असणारच की.

&nbsp;

मोडीप्रेमी

पैठणकर, क्या बात है! हा दुवा मला कधी सुचला नसता.

&nbsp;

रोजेकर

मी खुलताबादचा, म्हणजे गडाच्या वरच्या अंगाचा शेजारी. तुघलकाचं प्रकरण राहिलं म्हणून लिहितो.

१३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून इथे आणली. लहरी सुलतानाची गोष्ट म्हणून आपण हसून सोडून देतो. दख्खन हातात ठेवायचं तर दख्खनमध्ये बसायला हवं, हा विचार चुकीचा नव्हता. ज्यांना हलवलं त्यांचे हाल झाले हे मात्र खरं. इसामीचा आजोबा नव्वदीचा, दिल्लीतून निघाला आणि पहिल्याच मुक्कामात, तिलपतला, गेला. पण त्या काफिल्यांतून आलेली सूफी मंडळी, लेखक, कारागीर पुढे आमच्या मातीत राहिले. बुरहानुद्दीन गरीब यांचा दर्गा आणि अमीर हसन सिजझींची कबर आमच्या गावात आहे. दख्खनी बोली घडली ती या माणसांच्या आणि इथल्या मराठी माणसांच्या शेजारातून. राजधानी दिल्लीला परत गेली, बोली इथेच राहिली.

आता तुमच्या वादाबद्दल. एकदा हा कातळ खरंच अडून राहिला होता. १३४६-४७ मध्ये दौलताबादच्या अमीरांनी बंड केलं, खजिना ताब्यात घेतला आणि इस्माईल मुखला सुलतान केलं. तुघलक स्वतः चालून आला. मैदानात अमीर हरले, तेव्हा ते बालेकिल्ल्यात, बरनी ज्याला धारागीर म्हणतो तिथे, चढून बसले. दिल्लीचा सुलतान जातीने खाली वेढा घालून बसलाय आणि वरचे खाली येत नाहीत. तेवढ्यात गुजरातेत तघीचं बंड उठलं आणि त्याला वेढा दुसऱ्यांवर सोपवून निघावं लागलं. हसन गंगू बाहेरून आला, सुलतानी फौज मोडली, आणि ३ ऑगस्ट १३४७ ला दौलताबादेतच त्याला गादीवर बसवलं. बहमनी राज्य या वेढ्यातून जन्मलं.

&nbsp;

तोफखाना

हे मस्त उदाहरण दिलंत. म्हणजे खजिना आणि पुरवठा आधीच हातात घेऊन माणसं वर चढली तर कातळ आपलं काम चोख करतो. कातळवाट, तुमची मांडणी मी आता अशी मान्य करतो: कोट सुरुंगाने पडतात, कातळ नाही. १६३३ वर मात्र मी वेगळा धागा काढणार, सुरुंग कुठे लागले ते तटांच्या डागडुजीवरून अजून ओळखता येतं का, ते बघायचंय.

&nbsp;

कातळवाट

जरूर काढा. अंबरकोटाचा बराच भाग आता शेतांतून आणि वस्तीतून गेलाय, वेरूळचा रस्ताच त्याच्या वेशीतून जातो. पावसाळा संपून गवत वाळलं की तट नीट दिसतो, तेव्हा या. भिंगारवेस, तुम्हीही चला, १४९९ ची शेतं त्याच बाजूला असणार.